सुरत ते जळगाव : अंतर आणि प्रवासकाल यांचा इतिहास
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

सुरत आणि जळगाव या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३०० किलोमीटर भरते. छोट्या प्रादेशिक विमानाचा आकाशातील वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास धरला, तर हे अंतर कापण्यास ३६ मिनिटे पुरतात. उड्डाण, चढ, उतार आणि धावपट्टीवरील फिरणे यांचा हिशेब मिळवला, तरी एकंदर काळ तासाभराच्या आतबाहेर राहतो. या दोन स्थळांना जोडणारी रेषा नकाशावर ओढली, तर ती नवापूरच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पुढे साक्रीजवळून पूर्वेकडे सरकते आणि नंदुरबार शहर तिच्या उत्तरेस सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर राहते. नंदुरबारपासून सुरतचा विमानतळ सरळ मापाने सुमारे १५८ किलोमीटर, तर जळगावचा सुमारे १५१ किलोमीटर दूर आहे. म्हणजे हे शहर दोन विमानतळांच्या जवळजवळ मध्यावर आहे आणि नेमके त्याच कारणाने दोहोंपासून सर्वांत दूर आहे. तीनशे किलोमीटरांच्या विमानप्रवासाचा लाभ घेण्यासाठी नंदुरबारच्या प्रवाशाला आधी दीडशे किलोमीटर भूमीवरून जावे लागेल.

ही विसंगती केवळ आजच्या वाहतुकीची अडचण म्हणून सोडून देण्यासारखी नाही. तिच्या मुळाशी एक ऐतिहासिक प्रश्न आहे. अंतर ही भूगोलाची स्थिर राशी आणि प्रवासकाल हा तंत्रावर अवलंबून असलेला चल घटक, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. तापीच्या खोऱ्यातील सुरत–नंदुरबार–बऱ्हाणपूर या मार्गाचा चारशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे गृहीत तपासून घ्यावे लागते. प्रत्येक युगाने येथे अंतर मोजण्याचे आपले परिमाण निराळे निवडले. आणि ते परिमाण ज्यांच्या गरजेसाठी निवडले गेले, त्यांच्यासाठीच अंतर कमी झाले. इतरांसाठी ते होते तेवढेच राहिले, क्वचित वाढलेही. प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी करावयाची आहे.

२. कोस आणि मजल

मराठीत अंतराचे जे दोन शब्द सर्वांत रुळलेले आहेत, ते दोन्ही मुळात लांबीचे वाचक नाहीत. ‘कोस’ हा शब्द संस्कृत ‘क्रोश’ यापासून आला. क्रोश म्हणजे हाक, आरोळी. एका माणसाची हाक जेथवर पोहोचावी ते अंतर, ही त्यामागील मूळ कल्पना होय. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ उतरण्याचे ठिकाण, मुक्काम असा आहे. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट ती मजल. आणि मजल दरमजल करणे म्हणजे मुक्काम करीत करीत वाट संपवणे. पहिला शब्द आवाजाचा आहे, दुसरा विश्रांतीचा. दोन्ही शब्दांत माणसाच्या देहाची शक्ती हेच माप आहे.

कोसाला निश्चित लांबी देण्याचे प्रयत्न राजसत्तेने केले. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त कोसाची लांबी ५००० इलाही गज अशी दिली आहे. इलाही गज सुमारे ३३ इंचांचा धरला, तर हा कोस अडीच मैलांहून थोडा अधिक, म्हणजे चार किलोमीटरांच्या किंचित वर जातो. परंतु हा बादशाही कोस सर्वत्र चालू नव्हता. लोकव्यवहारातील कोस साधारणतः दोन मैलांच्या आसपास फिरत असे आणि प्रांतागणिक त्यात फरक पडे. फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने एक कोस म्हणजे फ्रान्समधील सुमारे एक लीग असे समीकरण दिले आहे; पण फ्रान्समधील लीग तरी सर्वत्र एक कोठे होता! एकच अंतर दोन प्रवाशांनी दोन निरनिराळ्या आकड्यांत सांगितले, तर त्यातील एक चुकीचा असलाच पाहिजे असे नव्हे. दोघे निरनिराळी मापे वापरीत असण्याचा संभव तेवढाच असतो. जुन्या प्रवासवर्णनांतील अंतरे आजच्या नकाशावर बसवताना हा विवेक राखणे अगत्याचे आहे.

३. सोळा दिवसांचा मार्ग

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते आणि बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या मोहिमांचे ठाणे. सुरतेहून आग्र्यास जाणारे जे दोन मुख्य मार्ग होते, त्यांपैकी एक अहमदाबादवरून जाई आणि दुसरा बऱ्हाणपूरवरून. हा दुसरा मार्ग बारडोली, नवापूरचा परिसर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असा तापीच्या खोऱ्यातून पूर्वेस जात असे. राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने या वाटेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. सुरत गुजरात सुभ्यात होते, बऱ्हाणपूर खानदेश सुभ्यात. पण ‘आईन-इ-अकबरी’त नंदुरबारचे सरकार माळवा सुभ्यात दाखवले आहे. एकाच वाटेने जाणारा प्रवासी पंधरवड्यात तीन सुभे पाही. वाटेचा भूगोल एक आणि कारभाराचा भूगोल दुसरा, ही स्थिती या प्रदेशाच्या वाट्याला पुढेही आली.

इंग्रज व्यापारी विल्यम फिंच जानेवारी १६१० मध्ये सुरतेहून या मार्गाने निघाला आणि त्याने टप्प्यांची नोंद कोसांत केली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा पाच वर्षांनी याच वाटेने गेला. त्या काळच्या इंग्रजी दिनगणनेप्रमाणे ३० ऑक्टोबर १६१५ रोजी त्याने सुरत सोडले आणि १४ नोव्हेंबर रोजी तो बऱ्हाणपुरास पोहोचला. दोन्ही दिवस धरून सोळा दिवस. वाटेतील प्रदेश त्याला दैन्याचा वाटला. गावे मातीची, आणि उतरण्याजोगे घर नाही, अशी त्याची तक्रार आहे. बऱ्हाणपूर सुरतेपासून २२३ मैलांवर असावे, असा अंदाज त्याने केला.

हा आकडा तपासून पाहण्यासारखा आहे. आजच्या मैलाने २२३ मैल म्हणजे सुमारे ३५९ किलोमीटर होतात. सुरत आणि बऱ्हाणपूर यांच्यामधील सरळ अंतर सुमारे ३५३ किलोमीटर आहे. पायवाट इतकी सरळ असणे शक्य नाही. नंदुरबार आणि थाळनेर यांना वळसा घेऊन जाणारी वाट सरळ रेषेपेक्षा बरीच लांब असलीच पाहिजे. तेव्हा एक तर रोचा अंदाज कमी पडला, किंवा त्याच्या मनातील मैल कायद्याने ठरलेल्या मैलाहून मोठा होता. इंग्लंडमध्ये मैलाची लांबी कायद्याने १५९३ मध्ये ठरली असली, तरी जुने मोठे मैल लोकव्यवहारात पुढे दीर्घकाळ चालू होते. दुसरी शक्यता त्यामुळे अगदीच दूरची म्हणता येत नाही. काही असो, सरासरी काढली तर रोच्या तांड्याची गती दिवसाला चौदा मैलांच्या आसपास येते. सामान, सेवक, बैलगाड्या आणि पहारेकरी यांच्यासह जाणाऱ्या मोठ्या प्रवाशाची ही स्वाभाविक गती होती.

ताव्हेर्नियेने सुरत ते आग्रा या संपूर्ण प्रवासास गाडीने ३५ ते ४० दिवस लागतात आणि गाडीचे भाडे ४० ते ४५ रुपये पडते, असे लिहिले आहे. येथे एक गोष्ट सूचक आहे. भाडे कोसावर नव्हे, तर संपूर्ण प्रवासावर ठरत असे. आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे सुरतेहून गोवळकोंड्यास जाण्याचे भाडेही जवळजवळ तेवढेच होते. गाडीवानाला विचारात घ्यावे लागत होते ते बैलांचे दिवस. कोसांची संख्या हा त्याच्या दृष्टीने दुय्यम तपशील होता. नवापूरबद्दल ताव्हेर्निये आस्थेने लिहितो. तेथील तांदूळ बारीक दाण्याचा, शिजल्यावर अतिशुभ्र आणि कस्तुरीसारखा सुवास असणारा असून अमीर-उमराव तोच खाणे पसंत करीत, असे त्याने नमूद केले आहे. नवापूरच्या परिसरात आजही सुवासिक भात पिकतो. दूरच्या दरबारांत पोहोचावा अशा मोलाचा माल या वाटेवर उत्पन्न होत होता, हे यावरून स्पष्ट होते.

४. पत्र, माणूस आणि धान्य

मार्ग एकच असला, तरी त्यावरून जाणाऱ्या सर्वांचा वेग एक नव्हता. निदान तीन वेग वेगळे काढता येतात.

पहिला वेग पत्राचा. ताव्हेर्नियेने वर्णन केलेल्या व्यवस्थेत दर दोन लीगांवर लहान झोपड्या असत आणि तेथे धावणारे जासूद राहत. आलेला जासूद पत्राची पुरचुंडी झोपडीच्या दाराशी टाकी, दुसरा ती उचलून लगेच धावू लागे. धावण्याचे हे काम रात्रीही चालत असल्यामुळे पायी जाणारी डाक घोडेस्वारापेक्षा लवकर पोहोचते, असा त्याचा अभिप्राय आहे. दुसरा वेग माणसाचा, म्हणजे रोच्या तांड्याचा : दिवसाला बारा ते पंधरा मैल. तिसरा आणि सर्वांत मंद वेग धान्याचा. पीटर मंडी या इंग्रजाने उत्तर हिंदुस्थानात पाहिलेल्या वंजाऱ्यांच्या एका तांड्यात चौदा हजार बैल होते. असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे, कारण बैलांना वाटेतच चरावे लागे. या गतीने सुरतेहून निघालेले धान्य नंदुरबारास पोहोचण्यास पंधरा दिवसांहून अधिक काळ आणि बऱ्हाणपुरास पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागला असता.

या तीन वेगांमधील फरक केवळ कुतूहलाचा विषय नाही, हे १६३० साली दिसून आले. त्या वर्षी गुजरात आणि दख्खन यांवर भीषण दुष्काळ ओढवला. मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने आग्र्यास निघाला आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांची व उजाड गावांची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. त्याच सुमारास मार्गाच्या दुसऱ्या टोकास, बऱ्हाणपुरास, शाहजहान बादशहाची छावणी होती आणि तिलाही धान्य लागत होते. दुष्काळाची वार्ता पत्राच्या वेगाने प्रवास करीत होती. मदत बैलाच्या वेगाने. चारा आणि पाणी नाहीसे झाले की बैलाचा वेगही नाहीसा होतो. म्हणजे धान्याची गरज जेव्हा सर्वाधिक असते, तेव्हाच धान्याचे अंतर सर्वाधिक वाढते. नंदुरबार त्या वर्षी सुरतेपासून कोसांनी जेवढे होते तेवढेच राहिले. धान्याच्या दृष्टीने मात्र ते मनुष्याच्या आवाक्याबाहेर गेले होते. अंतर ही स्थिर राशी नव्हे, याचा याहून कठोर पुरावा मिळणे कठीण.

५. वाटेचा अक्ष बदलतो

अठराव्या शतकात सुरतेचे व्यापारी महत्त्व ओसरले, मुंबई वाढत गेली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या हाती त्याचा कारभार आला आणि धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. नव्या सत्तेची राजधानी मुंबई असल्यामुळे तिला हवा असलेला रस्ता पश्चिम-पूर्व नव्हता. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा होता. मुंबई–आग्रा रस्ता नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर असा सातपुडा ओलांडून माळव्यात गेला. त्यानंतर आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट चढून जळगाव आणि भुसावळ गाठले, आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई कलकत्त्याशी लोहमार्गाने जोडली गेली.

या स्थित्यंतराचा नंदुरबारवर झालेला परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. मोगल काळात नंदुरबार हे दोन महत्त्वाच्या शहरांमधील मुख्य वाटेवरचे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते दोन मुख्य वाटांच्या मधल्या पोकळीत सापडले : पूर्वेस आग्रा रस्ता आणि त्याच्या पलीकडे रेल्वे, पश्चिमेस सुरतेकडील किनारा. शहर जेथे होते तेथेच राहिले. वाट मात्र त्याच्यापासून दूर गेली. याच काळात त्रिकोणमितीच्या सर्वेक्षणाने देशातील स्थळांचे अक्षांश-रेखांश आणि परस्परांमधील सरळ अंतरे प्रथमच विश्वासार्हपणे निश्चित होत होती. अंतराचे ज्ञान अचूक झाले, त्याच काळात नंदुरबारचे व्यवहारातील अंतर वाढले.

६. तापी खोऱ्यातील लोहमार्ग

ही पोकळी भरून काढली ती तापी व्हॅली रेल्वेने. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखाली उभी राहिलेली ही रुंदमापी रेल्वे १८९८ ते १९०० या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. सुरतेकडून निघून ती बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा अशी अमळनेरास पोहोचली, आणि तेथून जळगावपर्यंतच्या मार्गाने मुख्य रेल्वेस मिळाली. सुरत–बऱ्हाणपूर या जुन्या वाटेचे हे पुनरुज्जीवनच होते. नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा ही स्थळे रोच्या काळातील मार्गावर होती, ती रेल्वेच्याही मार्गावर आली.

या लोहमार्गाचा एक गुण संशोधकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. उधना ते जळगाव हा मार्ग सुमारे ३०७ किलोमीटरांचा आहे. या दोन स्थानकांमधील सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर भरते. म्हणजे भूमीवरील मार्ग आकाशातील रेषेपेक्षा केवळ नऊ-दहा टक्क्यांनी लांब आहे. याचे श्रेय अभियंत्यांइतकेच तापी नदीला द्यावे लागेल. सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम पसरलेल्या तिच्या खोऱ्याने निसर्गतःच एक जवळजवळ सरळ वाट आखून दिली आहे. बैलांचे तांडे, रेल्वे आणि विमान यांनी आपापल्या काळी ढोबळ मानाने एकाच रेषेचा अवलंब केला, याचे कारण हेच.

रेल्वेबरोबर काळाचेही नवे माप आले. तोवर प्रत्येक गावची दुपार त्या गावच्या सूर्यावर ठरत असे. रेखांशाच्या हिशेबाने सुरतेपेक्षा नंदुरबारास मध्याह्न साडेपाच मिनिटे आधी होतो आणि सुरतेपेक्षा बऱ्हाणपुरास साडेतेरा मिनिटे आधी. सोळा दिवसांच्या प्रवासात हा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता. गाडीच्या वेळापत्रकाला मात्र तो चालण्यासारखा नव्हता. रेल्वेचा कारभार प्रथम मद्रासच्या वेळेवर आणि १ जानेवारी १९०६ पासून हिंदी प्रमाणवेळेवर चालू लागला. या वेळेनुसार नंदुरबारचा सूर्य सरासरीने साडेबारानंतर डोक्यावर येतो. प्रवासाचा काळ तासा-मिनिटांत मोजावयाचा, तर गावाने आपली दुपार सोडून द्यावी लागते. मुंबई शहराने स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली. ज्या गावांची नावे वेळापत्रकात केवळ स्थानके म्हणून येत, त्यांना असा हट्ट धरणे शक्य नव्हते.

रेल्वे खुली होत असतानाच विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छप्पनचा दुष्काळ’ पडला. १६३० च्या तुलनेत परिस्थितीत एक मूलभूत फरक होता. धान्याचा वेग आता बैलाच्या वेगाशी बांधलेला नव्हता. पंधरा दिवसांची वाट एका दिवसाच्या आत आली होती. तरीही खानदेशात हालअपेष्टा आणि मृत्यू मोठ्या प्रमाणावर झाले, कारण गाडीने आलेले धान्य विकत घेण्याची शक्ती मजुराजवळ नव्हती, आणि रुळांपासून दूर असलेल्या डोंगरी पाड्यांपर्यंत ते जाण्याची सोयही नव्हती. रेल्वेने स्थानकापर्यंतचे अंतर संपवले. स्थानकापलीकडचे अंतर तिच्या हिशेबात नव्हते.

पुढे ही रेल्वे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत विलीन झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी होताना पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली. उच्छल आणि निझर हे तालुके त्यांतूनच आकारास आले. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून राज्यांची सीमा जाते आणि एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत मोडतो. तीन सुभ्यांतून जाणाऱ्या जुन्या वाटेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. उधना–जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण होऊन फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. रोला जी वाट सोळा दिवसांची होती, तिचा जळगावपर्यंतचा बहुतांश भाग आता काही तासांचा झाला आहे.

७. आकाशमार्ग

हिंदुस्थानात नियमित हवाई टपालसेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी झाला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. सतराव्या शतकातील जासुदाप्रमाणे येथेही पत्राचा वेग माणसाच्या वेगाच्या पुढे होता. प्रवासी नंतर आले. विमानचालनात अंतराचे परिमाणही बदलले. वैमानिक अजूनही सागरी मैल वापरतात. हा मैल १८५२ मीटरांचा असून तो पृथ्वीच्या परिघावरील एका कलेइतक्या कोनावरून आला आहे. कोस हाकेवरून आला, मजल मुक्कामावरून आली. सागरी मैल पृथ्वीच्या गोलावरून आला. त्यात माणसाच्या देहाचा संबंध उरलेला नाही. हे माप शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत निर्दोष आहे, आणि भूमीवर काय आहे याविषयी ते सर्वांत कमी सांगते.

प्रादेशिक विमानतळांना जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर केली. साधारण ५०० किलोमीटरांच्या किंवा तासाभराच्या प्रवासासाठी काही आसनांचे भाडे २५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवणे, हा तिच्यातील मूळ विचार होता. ताव्हेर्नियेचा गाडीवान प्रवासाचे भाडे दिवसांवरून ठरवी. येथे ते पुन्हा काळाशी जोडले गेले, फक्त दिवसांच्या जागी तास आला. जळगावचा जुना धावपट्टीचा तळ विस्तारून त्याचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झाले होते. ‘उडान’खाली तेथून मुंबईची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. ती आणि तिच्या नंतरच्या सेवा अखंड चालल्या नाहीत. सुरतेच्या विमानतळास डिसेंबर २०२३ मध्ये नवी इमारत आणि आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. धुळ्याजवळ गोंदूर येथे आणि शिरपूर येथे धावपट्ट्या आहेत. नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी वाहतुकीचा विमानतळ नाही.

आता आरंभी मांडलेल्या हिशेबाकडे वळता येईल. सुरत–जळगाव हा प्रवास विमानाने केला, तरी अंतराची बचत फारशी होत नाही, कारण खोऱ्यातील लोहमार्ग मुळातच सरळ आहे. बचत होते ती काळाची, आणि तीही दोन टोकांच्या शहरांत राहणाऱ्यांचीच. नंदुरबारच्या प्रवाशाला कोणत्याही टोकास पोहोचण्यास रेल्वेने साधारण अडीच-तीन तास लागतात. विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ धरला, तर एवढ्या काळात रेल्वेने जाणारा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या दिशेने बराच पुढे गेलेला असतो. ज्यांच्या प्रदेशावरून विमान जाते, त्यांचे अंतर विमानाने कमी होत नाही, हे विधान काव्यात्म वाटले तरी ते निव्वळ अंकगणित आहे.

८. उत्तरेकडील अंतर

आतापर्यंतचे सर्व विवेचन पूर्व-पश्चिम अक्षावरचे आहे. सर्व साधने याच अक्षावर उपलब्ध आहेत, ही गोष्टच बोलकी आहे. प्रवासी, वकील, व्यापारी, अभियंते आणि वैमानिक सर्व याच दिशेने गेले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग मात्र तापीच्या उत्तरेस, सातपुड्यात आहे. अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगाव नंदुरबारच्या जवळजवळ थेट उत्तरेस असून सरळ मापाने ते सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. विमानाच्या गतीने हे अंतर सहा मिनिटांचे. प्रत्यक्षात तापी ओलांडून तळोदा किंवा शहादा गाठावे लागते, मग घाट चढावा लागतो, आणि रस्त्याचे अंतर सरळ अंतराच्या दीडपटीच्या घरात जाते. खोऱ्यात जे प्रमाण एकास एक दशांशाचे होते, ते येथे निम्म्याचे होते. आणि धडगावपासून नर्मदेच्या काठच्या पाड्यांकडे वळले की कोणतेही प्रमाण सांगणे अवघड होते.

सरदार सरोवराच्या जलाशयाने या अंतरांत आणखी एक फेरबदल केला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची गावे पाण्याखाली गेली. मणिबेली हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. नदीकाठच्या पायवाटा बुडाल्या, आणि जे पाडे पूर्वी चालत जोडलेले होते, ते होडीने जोडले गेले. आरोग्यसेवेसाठी तेथे ‘तरंगता दवाखाना’ चालवावा लागला. नकाशावरील सरळ अंतर एका मीटरानेही बदलले नाही. प्रवासकाल मात्र पावसावर, पाण्याच्या पातळीवर आणि होडी मिळण्यावर अवलंबून राहू लागला.

सप्टेंबर २०२१ मध्ये तळोदा–धडगाव रस्त्यावरील चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. त्या परिसरातील एका आजारी स्त्रीला तिच्या पतीने खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालावयास सुरुवात केली. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. या घटनेत अंतराचे माप कोणते होते, असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर किलोमीटरांत देता येणार नाही. ते माप माणसाच्या खांद्याचे होते, म्हणजे कोसाच्या आणि मजलेच्या जातीचे. त्या वाटेवर चारशे वर्षांत परिमाण बदललेले नव्हते.

९. समारोप

या पाहणीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सुरत–बऱ्हाणपूर अक्षावर प्रवासकाल सोळा दिवसांवरून काही तासांवर आला, तरी मार्गाची रेषा फारशी बदलली नाही. ती तापीच्या खोऱ्याने ठरवलेली आहे. दुसरी, या मार्गावर पत्र, माणूस आणि धान्य यांचे वेग कधीच समान नव्हते, आणि दुष्काळाच्या वेळी त्यांच्यातील तफावत हीच निर्णायक ठरली. एकच सरासरी वेग धरून केलेला वाहतुकीचा इतिहास म्हणून अपुरा राहतो. तिसरी, प्रत्येक नव्या साधनाने दोन टोके जवळ आणताना मधल्या प्रदेशाचे स्थान नव्याने ठरवले. मोगल काळात नंदुरबार वाटेवर होते, एकोणिसाव्या शतकात वाटेबाहेर गेले, १९०० मध्ये पुन्हा वाटेवर आले, आणि विमानाच्या काळात ते वाटेखाली आहे.

खानदेशाच्या अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. पूर्व-पश्चिम मार्गाची साधने छापील आहेत आणि ती बऱ्याच अंशी चाळली गेली आहेत. सातपुड्यातील उत्तर-दक्षिण वाटा, तापीवरील जुने उतार, प्रकाशासारखी संगमावरील स्थळे, बाजारास येणाऱ्या भिल्ल व पावरा समाजांतील लोकांचे चालण्याचे टप्पे, यांची नोंद बव्हंशी बोलण्यात आणि स्मरणात आहे. बी. के. थापर यांनी १९५०च्या दशकात प्रकाशे येथे केलेल्या उत्खननाने त्या स्थळाचे प्राचीनत्व सिद्ध झाले आहे. पण त्या स्थळाकडे उत्तरेच्या डोंगरातून लोक कोणत्या वाटेने आणि किती दिवसांनी येत, हा प्रश्न अद्याप विचारावयाचा आहे. तो विचारताना माप किलोमीटरांचे न घेता मजलेचे घ्यावे लागेल, कारण त्या वाटांनी चालणाऱ्यांनी दुसरे कोणते माप वापरलेच नाही.